बोर्डाने कागदावर 'नाना' लिहिलंय: आमच्या नानांची डिसॅबिलिटी पेन्शन

चिखलीची सून | ६ जुलै २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरेच माजी सैनिक आणि त्यांच्या घरचे आहेत म्हणून विचारतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, नौदलात स्टोकर, म्हणजे जहाजाचे बॉयलर सांभाळणारे, होते. मूळचे चंदगड तालुक्यातले. १९८४ ला भरती झाले, ३१ जुलै २००९ ला निवृत्त. शेवटचं पोस्टिंग गोव्यात होतं, म्हणून इथेच चिखलीला घर बांधलं. पहिली बारा वर्षं वाफेवर चालणाऱ्या जहाजांच्या बॉयलर रूममध्ये गेली. जहाजांची नावं मुद्दाम लिहीत नाही.

दोनेक वर्षांपासून त्यांना दम लागतो. आधी मासळी घेऊन चढण चढताना लागायचा, आता आंघोळ करून टॉवेल गुंडाळताना लागतो. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचं बारकाईचं सीटी स्कॅन, केलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होता का?" नाना म्हणाले, "नाही हो, मी नेव्हीत होतो." डॉक्टर जरा गप्पच झाले. निदान ॲस्बेस्टोसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार.

मार्च २०२४ मध्ये आम्ही पेन्शनसाठी क्लेम टाकला. मेडिकल बोर्ड बसलं. त्यांनी अपंगत्व ४० टक्के धरलं, पण नाकारलं. ११ फेब्रुवारीचं पत्र आहे. नाना चष्मा लावून वाचायला बसले आणि मला हाक मारली, "अगं, यात माझं नाव कशाला लिहिलंय?" बघते तर इंग्रजीत चार अक्षरं, एन-ए-एन-ए. म्हणजे आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. त्याखाली दुसरी ओळ, आजार निवृत्तीनंतर सात वर्षांत उद्भवलेला नाही.

नाना म्हणतात, सोड, ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) औषधं मिळतात ना. मला सोडवत नाही. पुढे काय करायचं? वकील गाठायचा का? कुणी यातून गेलंय का?

फणसपोळी | ६ जुलै, रात्री १०.५८

ताई, वाईट वाटलं वाचून, पण 'माझं नाव कशाला लिहिलंय' ला हसू आलं. माफी.

चिखलीची सून | ६ जुलै, रात्री ११.०२

@फणसपोळी, नाना स्वतःच सगळ्या वाड्यावर सांगत फिरतात. हसा खुशाल.

मेजर आजोबा | ७ जुलै, सकाळी ६.१५

सूनबाई, सोडायचं नाही. मी पायदळातला, मला जहाजातलं कळत नाही, पण बोर्डांतलं कळतं. 'नाना' हा शिक्का आमच्याकडेही अर्ध्या कागदांवर असतो. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल वाच. भरतीच्या वेळी धडधाकट असलेला माणूस सेवेत आजारी पडला, तर तो सेवेमुळेच पडला असं धरायचं. तसं नसेल तर बोर्डाने कारण लिहायचं. नुसता शिक्का मारून चालत नाही.

सडेतोड | ७ जुलै, सकाळी ९.३०

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. डिसॅबिलिटी पेन्शनचा बाजार झालाय हेही खरं आहे. कॅगने २०२३ च्या अहवालात दाखवलं होतं की दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के डिसॅबिलिटी घेऊन बाहेर पडतात. जवानांत हे प्रमाण १५ ते १८ टक्के. एसी ऑफिसात बसणाऱ्यांना जास्त अपंगत्व कसं येतं? शुगर, बीपी वयाप्रमाणे सगळ्यांना होतं. सरकारने चाळण बारीक केली तर त्यात चुकलं काय?

मेजर आजोबा | ७ जुलै, सकाळी ९.५२

सडेतोडराव, आकडे बरोबर आहेत. पण चाळण बारीक केली की त्यात अडकतो कोण? ज्याच्या ओळखी नाहीत तो. तुमच्याच आकड्यांत बघा, जवान कुठे आहे. आणि बीपी सगळ्यांना होतं, ॲस्बेस्टोसिस कुणाला होतो? वयाप्रमाणे होतो का तो?

सडेतोड | ७ जुलै, सकाळी १०.०५

ॲस्बेस्टोसिसबद्दल वाद नाही. सरसकट बोललो. पण बोर्डाने विचारणं स्वाभाविक आहे की काका विड्या ओढायचे का, दुसरीकडे काम केलं का.

डिचोलीचो दामू | ७ जुलै, दुपारी १.२०

आमच्या हांगा तर त्याहून मजा. माझ्या मावसभावाला, तो सेनेत होता, विचारलं गाव कुठलं. डिचोली म्हणताच "मग खाणीची धूळ असेल" म्हणून मोकळे. अरे बाबांनो, २०१२ ला खाणी बंद झाल्या, त्याच्या आधी हा वीस वर्षं सीमेवर होता! पण एक शंका खरीच आहे, लाल धुळीने पण फुप्फुसात काही दिसतं ना? डॉक्टर कोण असेल तर सांगा.

छातीठोक | ७ जुलै, रात्री ९.१०

हजर आहे, दामूबाब. छातीचाच डॉक्टर आहे, नाव उगाच नाही घेतलं.

लोहखनिजाच्या नुसत्या धुळीने सिडरोसिस होतो. एक्स-रेवर ठिपके दिसतात, पण त्रास बहुधा कमी. धुळीत सिलिका असेल तर सिलिकोसिस, त्याच्या गाठी मुख्यतः फुप्फुसाच्या वरच्या भागात येतात. ॲस्बेस्टोसिस याच्या उलट, खालच्या भागातून सुरू होतो. आणि सोबत प्ल्यूरल प्लाक असतील, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणावर जाडसर चकत्या, त्यातून डायफ्रामवर कॅल्शियम बसलेल्या, तर मी रुग्णाला दुसरं काही विचारतच नाही. ॲस्बेस्टॉसशी कधी गाठ पडली एवढंच विचारतो.

विडीबद्दल. तंबाखूने ॲस्बेस्टोसिस होत नाही, प्लाक होत नाहीत, मेसोथेलिओमाही (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) होत नाही. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान दोन्ही असतील तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे विडी काढून बोर्डाची सुटका होत नाही. नानांची विडी असेल तर ती आजच बंद करा, ते वेगळं.

आणि सात वर्षांचं कलम वाचून मी डोक्याला हात लावला. हा आजार उघडा पडायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. सात वर्षांत तो फुप्फुसात मुरत असतो, बाहेर येत नाही.

ताई, रिपोर्टमध्ये प्लाकबद्दल काय लिहिलंय?

चिखलीची सून | ७ जुलै, रात्री ९.४४

डॉक्टर, लिहिलंय की दोन्ही बाजूंना कॅल्सिफाइड प्ल्यूरल प्लाक आहेत, आणि खालच्या भागात फायब्रोसिस. विडी कधीच नव्हती. बोर्डातही विचारलं होतं. नाना म्हणाले, "बॉयलर रूममध्ये विडीची गरज कुणाला पडते?"

जुना स्टोकर | ८ जुलै, सकाळी ७.०५

वाड्याला राहतो, १९९९ ला चीफ म्हणून सुटलो. नाना माझ्या नंतरच्या बॅचचे असणार. काय होतं ते लिहून ठेवतो, बोर्डातल्या पोरगेल्या डॉक्टरांनी वाफेचं जहाज बघितलेलं नसतं.

बॉयलर, वाफेच्या नळ्या, टर्बाइन, सगळ्यांवर पांढरं लॅगिंग असायचं, आतली उष्णता आत राहावी म्हणून. तेच ॲस्बेस्टॉस. कुठे फ्लँज (नळ्यांचा जोड) गळली की आधी लॅगिंग फोडायचं. हातोडीने. ते कोरडं झालेलं, फुटलं की पिठाच्या गिरणीत पांढरी धूळ बसते तसं सगळीकडे बसायचं, भुवयांवर, पापण्यांवर. काम झालं की नवी भुकटी बादलीत पाणी घालून मळायची आणि हाताने थापायची. भाकरीसारखी. गॅस्केटचा पत्राही ॲस्बेस्टॉसचा, तो फ्लँजवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने ठोकत ठोकत कापायचा. मास्क? तोंडाला कॉटन वेस्ट बांधायचो, तेही गरम व्हायचं म्हणून सोडून द्यायचो. पन्नाशीच्या वर तापमान. नवीन पोरं आली की मळलेल्या लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारायचो. होळीच ती आमची.

मला अजून काही नाही. मुकद्दर.

फणसपोळी | ८ जुलै, सकाळी ७.४०

काका, रांगडं लिहिलंत. कणीक मळायला घेतली होती, थांबले.

पल्याडचा | ८ जुलै, सकाळी ८.१५

न्यू जर्सीहून, मूळचा म्हापशाचा. इकडे अशा लोकांसाठी पॅक्ट ॲक्ट आहे. १० ऑगस्ट २०२२ ला बायडन यांनी सही केली. इराक, अफगाणिस्तानात लष्करी तळांवर कचरा, प्लास्टिक, बॅटऱ्या, सगळं उघड्या खड्ड्यांत जाळायचे. तिथे ड्यूटी केलेल्याला यादीतला आजार झाला की तो सेवेमुळेच, असं गृहीत धरतात. सैनिकाने सिद्ध करायचं नाही. व्हिएतनाम युद्धात झाडांची पानं झडवायला फवारलेल्या एजंट ऑरेंजसाठी हे १९९१ पासून आहे. १०० टक्के अपंगत्व असेल तर महिन्याला साडेतीन हजार डॉलरच्या वर. माझ्या शेजाऱ्याला मिळतात, पट्ठ्या रोज गोल्फ खेळतो.

कागदी वाघ | ८ जुलै, सकाळी ११.३०

पल्याडचे, अर्धवट सांगू नका. पॅक्ट ॲक्टच्या गृहीत यादीत ॲस्बेस्टॉस नाही. ॲस्बेस्टॉसवाल्या अमेरिकन खलाशालाही आजार आणि सेवा यांचा संबंध दाखवावाच लागतो. फरक असा की तिकडच्या खात्याकडे नौदलातल्या हुद्द्यांचा तक्ता आहे. कुठल्या कामात ॲस्बेस्टॉसशी संबंध येण्याची शक्यता कमी, कुठल्यात जास्त, कुठल्यात फार जास्त. बॉयलरवाला 'फार जास्त' मध्ये. हुद्दा दाखवला की अर्धं काम झालं. आपल्याकडे असा तक्ता असता तर नानांना कुणी सिमेंटच्या पत्र्यांचं विचारलं नसतं.

(मी नौदलात रायटर, म्हणजे कारकून, होतो. एकवीस वर्षं लोकांचे कागद भरले. मूळ प्रश्नावर संध्याकाळी लिहितो, आत्ता बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत आहे.)

सडेतोड | ८ जुलै, सकाळी ११.४१

हयातीचा दाखला जुलैत? तुम्हाला जिवंत आहात याची फारच घाई दिसते.

कागदी वाघ | ८ जुलै, सकाळी ११.४४

नोव्हेंबरचा राहिला होता, पेन्शन अडकली. रायटरच्या घरी हे. हसा.

पल्याडचा | ८ जुलै, दुपारी १२.०५

दुरुस्तीबद्दल आभार. गोल्फवाला खड्ड्यांवाला आहे, हे खरं.

तारवटी | ८ जुलै, दुपारी ३.३०

आम्ही खाजगी बोटीवरचे. पंचवीस वर्षं इंजिन रूम. आमचा तर कुणी बोर्डच बसवत नाही, कंपनी बदलली की मागचा सगळा हिशेब समुद्रात. पण एक विचारतो, ज्या बोटी ब्रिटिशांनी वापरून आपल्याला विकल्या त्यांत ब्रिटिश खलाशी पण होते ना? त्यांचं काय झालं?

मांडवीकाठ | ८ जुलै, सायंकाळी ५.५०

@तारवटी, नेमका प्रश्न. आपल्या विराट या विमानवाहू जहाजाचंच बघा. १९५९ मध्ये ती हर्मीस नावाने ब्रिटिश नौदलात आली, १९८७ मध्ये आपल्याकडे, २०१७ पर्यंत चालली. स्टीमवर चालणारी. ब्रिटनमध्ये २०१६ पासून नियम आहे, सेवेत ॲस्बेस्टॉसशी संबंध येऊन मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकाला एकरकमी १ लाख ४० हजार पौंड. मासिक पेन्शन घ्यायची की एकरकमी, त्याने निवडायचं. कारण या रोगात माणूस फार दिवस राहत नाही, पेन्शन घ्यायला.

आणि आपणच २००६ मध्ये क्लेमेंसो या फ्रेंच जहाजावरून केवढा गदारोळ केला. ॲस्बेस्टॉस आहे म्हणून गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथे, येऊ दिलं नाही, शेवटी फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जहाज माघारी बोलावलं. परक्याच्या जहाजातलं ॲस्बेस्टॉस आपल्याला दिसलं. आपल्या पोरांनी भाकरीसारखं थापलेलं दिसलं नाही.

गोठा आणि गडी | ८ जुलै, सायंकाळी ६.२०

जरा अवांतर. आमच्या पेडण्याच्या घराच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत, तीस वर्षांचे. हे सगळं वाचून घाबरलोय. काढून टाकू का?

छातीठोक | ८ जुलै, रात्री ९.००

जागच्या जागी शाबूत असतील तर लगेच घाबरू नका. पांढरा ॲस्बेस्टॉस आपल्याकडे अजून कायदेशीर आहे, म्हणून घरोघरी हे पत्रे आहेत. धोका धुळीचा. ड्रिल मारू नका, करवतीने कापू नका, शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासू नका. बदलायचेच असतील तर ओले करून अख्खे उतरवा, फोडू नका.

आता ताईंसाठी एक मुद्दा, सकाळपासून डोक्यात आहे. कॅल्शियम बसलेले प्लाक दोन वर्षांत तयार होत नाहीत. ते तिथे दहा-पंधरा वर्षं तरी असणार. निवृत्तीनंतर नानांनी कशासाठीही छातीचा एक्स-रे काढलाय का? मोतीबिंदू, हर्निया, तापासाठी, कशालाही. २०१६ च्या आधीचा. शोधा.

कागदी वाघ | ८ जुलै, रात्री १०.१५

रांग संपली. आता लिहितो, जरा सविस्तर.

१) धरमवीर सिंग निकाल चांगला, पण तो १९८२ च्या नियमांवरचा. नाना २००९ ला सुटले, त्यांना २००८ चे नियम लागतात. मेजर साहेब, निकाल अपिलात जोडायचा, पण त्याच्याच जिवावर बसायचं नाही.

२) २००८ च्या नियमांत एक कलम फार कामाचं आहे. सर्वसाधारणपणे पुरावा देण्याचं ओझं क्लेम करणाऱ्यावर नाही. अपवाद असा, की निवृत्तीनंतर १५ वर्षांनी क्लेम केला आणि तोवर सेवेचे कागद मुदत संपून नष्ट झाले असतील, तर सिद्ध करणं क्लेम करणाऱ्यावर. म्हणजे कागद सरकारने जाळायचे आणि पुरावा आपण द्यायचा!

आता नानांच्या तारखा बघा. निवृत्ती ३१ जुलै २००९. क्लेम मार्च २०२४. चौदा वर्षं आणि आठ महिने. ताई, तुम्ही चार महिन्यांनी वाचलात.

३) म्हणून अगदी ठळक सांगतो, नवा क्लेम टाकू नका. कुणी म्हणेल, "पुन्हा अर्ज करा, व्यवस्थित कागद लावा." केलात तर तारीख २०२५ ची लागेल, सोळा वर्षं होतील, आणि ओझं तुमच्या डोक्यावर. याच नकारावर फर्स्ट अपील करायचं. पत्राच्या तारखेपासून सहा महिने, म्हणजे ११ ऑगस्ट. नंतर सेकंड अपील, त्याच्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ, गोवा त्याच्याच कक्षेत येतो. पहिल्या अपिलाला वकील लागत नाही. भाषा मी बघून देतो.

४) सात वर्षांचं कलम. शब्द नीट वाचा. आजार सात वर्षांत 'उद्भवलेला' हवा असं आहे, 'निदान झालेला' असं नाही. आणि तो सेवेतल्या परिस्थितीने सुरू झालेल्या प्रक्रियेचा उशिरा दिसलेला परिणाम आहे असं डॉक्टरी मत हवं. छातीठोक म्हणतात तो एक्स-रे सापडला तर हे कलम पडतं. ३१ जुलै २०१६ च्या आधीचा हवा.

५) सोबत दोघा-तिघा जुन्या साथीदारांची प्रतिज्ञापत्रं. कुठलं जहाज, कुठलं कंपार्टमेंट, कुठल्या साली, काय काम. "धुळीत काम केलं" असं मोघम नको. जुना स्टोकर यांनी लिहिलंय तसं.

पैशाचं गणित, कारण सगळे विचारतात पण लिहीत नाहीत. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. ४० टक्के असेल तर राउंड करून ५० धरतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या रामअवतार निकालानंतर हे मुदत पुरी करून सुटलेल्यांनाही आहे. म्हणजे नानांना शेवटच्या पगाराच्या १५ टक्के, वर महागाई भत्ता. घर बांधायला पुरणार नाहीत.

सडेतोड | ८ जुलै, रात्री १०.४०

वाघसाहेब, मुजरा. चार महिन्यांचा हिशेब वाचून अंगावर काटा आला. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण इथे तो लागत नाही हे मान्य.

आंबोलीचा पाऊस | ९ जुलै, सकाळी १०.२०

एक बारीकशी चीड आणणारी गोष्ट सांगू? कारखान्यात किंवा गोदीत लॅगिंग काढणारा सिव्हिलियन कामगार असेल तर त्याला १९२३ चा नुकसानभरपाई कायदा लागतो. त्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत ॲस्बेस्टोसिस आहे. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस कामगारांचा आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, भरपाईही दिली. पण त्याच १९२३ च्या कायद्याच्या व्याख्येतून सैन्यदलातला माणूस स्पष्ट शब्दांत वगळलाय. एकाच नळीवरचं लॅगिंग दोघांनी मिळून फोडलं, तर यादी फक्त एकाला.

डिचोलीचो दामू | ९ जुलै, सकाळी १०.३५

आणि दुसऱ्याला 'नाना'.

जुना स्टोकर | ९ जुलै, सकाळी ११.००

ताई, मी प्रतिज्ञापत्र देतो. नानांसोबत एका जहाजावर नव्हतो, पण तसल्याच जहाजावर होतो. चालत नसेल तर वाघसाहेब सांगतील. एक विचारू? ओव्हरऑल कोण धुवायचं? आमच्या जहाजात लाँड्री होती, पण बंदराला लागलं की आम्ही पिशवीत भरून घरी न्यायचो.

चिखलीची सून | ९ जुलै, दुपारी २.१०

आई धुवायच्या. सासूबाई. कुलाब्याच्या क्वार्टरमध्ये. आत्ता विचारलं त्यांना. म्हणाल्या, "झटकून घ्यायचे आधी, नाहीतर मोरी पांढरी व्हायची."

छातीठोक | ९ जुलै, दुपारी २.३०

ताई, त्यांचाही एक्स-रे काढून घ्या. घाबरवत नाही, पण कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने बायकांना हे आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

मांडवीकाठ | ९ जुलै, दुपारी २.३४

आणि त्यांच्यासाठी कुठल्या फॉर्मवर रकाना आहे, वाघसाहेब?

कागदी वाघ | ९ जुलै, दुपारी ३.०५

एकवीस वर्षांत मी तसा रकाना भरलेला नाही. उपचार ईसीएचएसमधून होतील, त्या डिपेंडंट आहेत. बाकी काही नाही.

मेजर आजोबा | १३ जुलै, सकाळी ६.३०

सूनबाई, एक्स-रेचं काय झालं? धागा खाली जातोय.

चिखलीची सून | १९ जुलै, रात्री ११.२०

उशीर झाला, सॉरी. सगळं सांगते.

नानांची पत्र्याची काळी ट्रंक आहे, तिला कुणी हात लावायचा नाही असा घरचा नियम. रविवारी पाऊस पडत होता, वीज गेली होती, नाना म्हणाले, "काढ बाई, काय काढायचंय ते." वर युनिफॉर्म, डांबराच्या गोळ्या, सगळी पोस्टिंग ऑर्डर सुतळीने बांधलेली. त्याखाली आमच्या लग्नाच्या आमंत्रणांची उरलेली पाकिटं. आणि एका पाकिटात हर्नियाच्या ऑपरेशनचे कागद. ऑपरेशन सप्टेंबर २०१५ चं. भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे काढला होता. फिल्म चिकटून खराब झालीय, पण टाइप केलेला रिपोर्ट आहे. त्यात एक ओळ, दोन्ही बाजूंच्या प्ल्यूराला कॅल्सिफिकेशन. खाली डॉक्टरांनी पेनने लिहिलंय, ऑपरेशनला फिट.

फिट होते, म्हणून पुढे कुणी बघितलंच नाही.

छातीठोक | १९ जुलै, रात्री ११.२६

वा! सप्टेंबर २०१५. सहा वर्षं दोन महिने. सात वर्षांच्या आत. रिपोर्टची मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. मी मत लिहून देतो, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून.

फणसपोळी | १९ जुलै, रात्री ११.२८

ट्रंकेत! मी रडतेय की हसतेय कळत नाही.

कागदी वाघ | २० जुलै, सकाळी ६.५०

ताई, मूळ प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. साक्षांकित प्रत जोडायची. पोस्टिंग ऑर्डरची सुतळी सोडू नका, तशीच्या तशी आणा, क्रम बदलला की पोस्टिंगची साखळी तुटते. अपील स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, ५ ऑगस्टच्या आत. स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर, पण अपलोड करायचं. रविवारी वास्कोला भेटू, मी चहा पाजतो.

चिखलीची सून | २७ जुलै, रात्री ९.१५

आज वाघकाका आणि जुना स्टोकरकाका दोघेही घरी आले. (चहा आम्हीच पाजला.) अपिलाचा मसुदा झाला. स्टोकरकाकांना आणि नानांना एक समान मित्र निघाला, आजऱ्याचा, तो नानांसोबत त्याच जहाजात होता. त्याला फोन लावला. पंधरा मिनिटं तिघेही बॉयलरच्या नंबरांवरून भांडत होते. शेवटी तो म्हणाला, प्रतिज्ञापत्र देतो, पण नाना स्वतः येऊन घेऊन जा. नाना जायला निघालेत. आंबोली घाट, ऑक्सिजन, काही ऐकत नाहीत.

सडेतोड | २७ जुलै, रात्री ९.३०

गाडीने जा, थांबत थांबत. माझी गाडी रिकामी आहे, बुधवारी म्हापशाहून निघतोय कोल्हापूरला. खरंच सांगतोय.

डिचोलीचो दामू | २७ जुलै, रात्री ९.३३

सडेतोडबाब, तुमी?

सडेतोड | २७ जुलै, रात्री ९.३५

हो मी. गप्प बसा.

चिखलीची सून | ६ ऑगस्ट, रात्री १०.०५

काल अपील पोस्टात टाकलं. पोचपावती आली की फोटो टाकते. सडेतोडदादांनी नानांना आजऱ्याला नेऊन आणलं, वाटेत दोघांची बीपीच्या पेन्शनवरून कडाक्याची वादावादी झाली म्हणे, पण नाना खूश आहेत.

छातीठोक | ६ ऑगस्ट, रात्री १०.२०

छान. आणि सासूबाईंचा एक्स-रे?

चिखलीची सून | ६ ऑगस्ट, रात्री १०.३१

म्हणतात चवथ (गणेश चतुर्थी) झाली की बघू. माटोळीची फळं आणायचीत, नेवऱ्या करायच्यात, घर झाडायचंय.

छातीठोक | ६ ऑगस्ट, रात्री १०.३३

चवथ २७ ला आहे. एक्स-रेला दहा मिनिटं लागतात. उद्या आणा.

चिखलीची सून | ७ ऑगस्ट, सकाळी ८.४०

निघालोय आम्ही. नाना पण येतायत. म्हणतात, हिला एकटीला कशी पाठवू.